येथील सर्व क्षेम

ज्या पिढींत आम्ही वाढलों त्या पिढींत पत्र लिहावयास बसलें कीं पहिली ओळ विचार न करतां कागदावर उतरत असे. तीर्थरूप अमुक यांस साष्टांग नमस्कार विनंति विशेष, येथील सर्व क्षेम, आपलें क्षेम कळवावें. आणि मग पुढें जें काय लिहावयाचें असेल तें लिहावयाचें. शाळेंत आम्हीं छत्तीस वर्षें संस्कृत आणि मराठी शिकविलें. पत्रलेखनाच्या तासाला हा मायना फळ्यावर लिहितांना ‘क्षेम’ या शब्दाचा अर्थ मुलांस सांगण्याचा आमचा परिपाठ होता. न मिळालेलें मिळविणें तो योग, आणि मिळालेल्याचें रक्षण होणें तें क्षेम. अर्थ बरोबरच सांगत होतों. परंतु हा शब्द आम्हीं स्वतः लहानपणीं एकदां खोटा लिहिला होता, हें मात्र मुलांस कधीं सांगितलें नाहीं. आणि आतां उतारवयांत तोच दोष आमच्या हातून पुन्हा घडला. ज्या घरचें एकहि माणूस दूरदेशीं नाहीं असें घर आज आपल्या समाजांत शोधूनच काढावें लागेल. म्हणून ही हकीकत घरगुती असली तरी वाचकांपुढें मांडण्याचें धाडस करीत आहों.

आमचें गांव मोडनिंब. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यांत, पुण्याहून सोलापुरास जाणाऱ्या हमरस्त्यावर तें वसलें आहे. आणि कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणारी आगगाडीहि आमच्या गांवावरून जाते. ही गाडी पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेची. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून १९०६ सालीं ती पंढरपुरास पोंचली, आणि आमच्या लहानपणीं ती तशीच लहान होती. आतां रूळ रुंद झाले आहेत. पाऊस मात्र पूर्वीं होता तसाच बेभरंवशाचा आहे. पश्चिमेचे ढग सह्याद्रीवर रिते होऊन आमच्याकडे येतात. त्यामुळें वर्षाला जेमतेम साडेपांचशें-सहाशें मिलिमीटर पाऊस, आणि त्याचाहि मोठा वांटा सप्टेंबरांत, उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांत पडावयाचा. हत्ती बरसला तर शाळू पिकणार. नाहीं तर वर्ष गेलें म्हणून समजावें.

१९७२ सालीं हत्ती बरसला नाहीं. त्याच्या आधींचीं वर्षेंहि ओढीचींच होतीं. आम्ही तेव्हां अकरा वर्षांचे होतों. आमचे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असूं, ते पंचक्रोशींत भिक्षुकी करीत. ज्या कुणब्याच्या कणगींत दाणा नाहीं तो सत्यनारायण कशाचा करणार आणि मुलीचें लग्न तरी कशावर काढणार? दिवाळीपर्यंत नानांनीं वाट पाहिली. मग एके दिवशीं सकाळीं धोतरजोडी आणि पंचपात्री पिशवींत घालून ते छोट्या गाडीनें कुर्डुवाडीस गेले, आणि तेथून मोठ्या गाडीनें पुण्यास. तेथें एका खानावळींत त्यांना आचाऱ्याचें काम मिळालें. घरीं आई, आम्ही, आणि आमची धाकटी बहीण. ती तेव्हां वर्षाची होती. नुकती भिंतीला धरून उभी राहूं लागली होती.

पुढचा उन्हाळा ज्यांनीं पाहिला त्यांस तो सांगावयास नको, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांस तो सांगून कळावयाचा नाहीं. विहिरींचे तळ दिसले. ओढ्यांत हातभर खोल झिरे खणून वाटीवाटीनें पाणी भरावें लागे. सरकारनें ठिकठिकाणीं खडी फोडण्याचीं, रस्त्यांचीं आणि पाझर तलावांचीं कामें काढलीं. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांत सुमारें ५० लाख माणसें अशा कामांवर होतीं. याच अनुभवांतून पुढें रोजगार हमीचा कायदा झाला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्या ५० लाखांत आमची आई एक होती. सोवळ्यांत स्वयंपाक करणारी बाई डोक्यावर पदर ओढून खडी फोडावयास जात असे आणि संध्याकाळीं कामावर मिळालेली सुकडी पदरांत बांधून आणीत असे. शिधावाटपाच्या दुकानांत अमेरिकेहून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी मिळे. तिची भाकरी थापतां थापतां तुटे. ज्या देशाची ज्वारी आम्हीं त्या वर्षीं खाल्ली, त्याच देशांत पुढें आमचा मुलगा पोटासाठीं जाईल, असें तेव्हां कोणी सांगितलें असतें तर आम्ही हंसलों असतों.

आईला पोथी वाचतां येत असे, पण लिहिण्याचा सराव नव्हता. म्हणून दर पंधरा दिवसांनीं नानांस पत्र लिहिण्याचें काम आमच्याकडे होतें. आई सांगे आणि आम्ही लिहीत असूं. ती खडी फोडावयास जाते हें लिहावयाचें नाहीं, असें तिनें पहिल्याच पत्राच्या वेळीं बजावलें होतें. ‘ते तिकडे एकटे आहेत. उगीच जिवाला घोर लागेल. आणि कळून तरी तेथून काय करणार?’ हें तिचें म्हणणें आम्हांस त्या वयांत अगदीं सयुक्तिक वाटलें. सर्व क्षेम असें आम्ही सुवाच्य अक्षरांत लिहीत गेलों.

एप्रिलच्या अखेरीस धाकटीला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. गांवांत तेव्हां तशीं मुलें घरोघर होतीं. तिला पाणी पाजूं नये, पाण्यानें जुलाब वाढतात, अशी शेजारच्या जाणत्या बायांची समजूत होती; आणि आईनेंहि तसेंच केलें. तिसऱ्या दिवशीं नानांस पत्र लिहावयाची पाळी होती. आम्हीं आईकडे पाहिलें. ती धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. ‘काय लिहूं?’ असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, ‘नेहमींचेंच लिही.’ आम्हीं नेहमींचेंच लिहिलें. आणखी दोन दिवसांनीं शेजाऱ्यांनीं नानांस तार केली. नाना संध्याकाळच्या गाडीनें उतरले, त्याच्या आदल्या दिवशीं सकाळीं आम्ही तिला ओढ्याकांठीं मातींत ठेवून आलों होतों.

नानांच्या सदऱ्याच्या खिशांत आमचें पत्र होतें. तें त्यांना तारेच्या आदल्याच दिवशीं मिळालें होतें. त्यांनीं तें काढलें, कंदिलाजवळ धरून पुन्हा एकदां वाचलें, आणि आमच्याकडे पाहून एवढेंच म्हणाले, ‘अक्षर वळणदार आहे हो तुझें.’ त्यांत राग नव्हता. राग असता तर आमच्या वांट्याला पुष्कळ सोपें गेलें असतें.

कांहीं वेळानें ते आईला म्हणाले, ‘खानावळींत एक डॉक्टर रोज रात्रीं जेवावयास येतात. त्यांचें पान मीच वाढतों. एक शब्द विचारला असता.’ आई कांहीं बोलली नाहीं. मग नानाच म्हणाले, ‘तुला काय बोलूं? मी तरी कोठें खरें लिहीत होतों? दोन महिने एक वेळ जेवून निजतों आहें, तें कोठें लिहिलें?’ त्या रात्रीं आमच्या घरांत प्रथमच दोन्ही बाजूंचें क्षेम खरें सांगितलें गेलें. पण त्याला फार उशीर झाला होता.

मोठेपणीं आमच्या वाचनांत आलें कीं, १९७१ सालींच बंगालमध्यें बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ आणि साखर घातलेलें पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले होते. पाणी तोडावयाचें नाहीं, पाजावयाचें, एवढीच ती युक्ति. ती आमच्या गांवांत पोंचावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. खानावळींतील त्या डॉक्टरांस ती ठाऊक होती कीं नाहीं हें आम्हांस सांगतां यावयाचें नाहीं. परंतु विचारावयाचा मार्ग होता, आणि तो आमच्या वळणदार अक्षरानें बंद केला, ही गोष्ट पन्नास वर्षें आमच्या मनांतून गेलेली नाहीं.

पुढें दिवस पालटले. १९८० सालीं भीमेवरील उजनीचें धरण पुरें झालें. कालव्यांनीं पाणी आलें, आणि ज्या तालुक्यांत खडी फोडून पोटें भरलीं तेथें उंसाचे फड आणि साखर कारखाने उभे राहिले. आम्ही शिक्षक झालों, संसार केला. एकुलता एक चिरंजीव हुशार निघाला. पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकून २०१५ सालीं तो अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं डॅलस शहराजवळ नोकरीस गेला. सूनबाईहि तिकडेच. २०२० च्या जूनमध्यें नातू झाला. पण तें करोनाचें वर्ष, म्हणून त्याचें बारसें आम्हीं पाटावर बसून पडद्यावर पाहिलें.

टेक्सास हा उष्ण प्रांत, आपल्या सोलापुरासारखाच, असें चिरंजीव नेहमीं सांगत. २०२१ च्या फेब्रुवारींत त्याच प्रांतावर उत्तर ध्रुवाकडील थंडीची लाट येऊन कोसळली. १६ फेब्रुवारीस डॅलसचा पारा शून्याखालीं १९ अंशांवर उतरला. तेथील घरें उन्हाळ्यासाठीं बांधलेलीं. विजेचीं केंद्रें आणि इंधनवायूच्या नळ्याहि तशाच. वायूच्या विहिरी गोठल्या, वीजकेंद्रें एकामागून एक बंद पडलीं; आणि टेक्सासची वीजवाहिनी बाकीच्या देशाच्या जाळ्यापासून बव्हंशीं अलग ठेवलेली असल्यामुळें शेजारच्या प्रांतांची पुरेशी मदतहि घेतां येईना. १५ तारखेच्या पहांटेपासून ४५ लाखांहून अधिक घरें अंधारांत गेलीं. या संकटांतील मृतांची संख्या तेथील आरोग्य खात्यानें पुढें २४६ अशी दिली. बहुतेक माणसें गारठ्यानें गेलीं. आणि कांहीं माणसें ऊब मिळावी म्हणून बंद घरांत कोळसा पेटवून, किंवा बंद वाहनघरांत मोटार चालू ठेवून, विषारी वायूनें गेलीं.

हें सर्व आम्हांस वर्तमानपत्रांतून कळत होतें. चिरंजीवांकडून तीन दिवसांत दोन ओळी आल्या : ‘आम्ही ठीक आहों. काळजी नसावी.’ आम्हीं त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणें सोयीचें असतें. मार्चमध्यें सूनबाई बोलतां बोलतां सहज सांगून गेली कीं, त्यांच्या घरीं तीन रात्री वीज नव्हती, पाण्याचा नळ भिंतींत फुटला होता, आणि आठ महिन्यांच्या मुलाला दोघांच्या मध्यें घेऊन तीं अंगावर गालिचे पांघरून बसलीं होतीं. दुसऱ्या रात्रीं चिरंजीवांनीं अंगणांत कणसें भाजावयाची कोळशाची शेगडी निजावयाच्या खोलींत आणली होती. पेटविणार इतक्यांत एका स्नेह्याचा फोन आला, त्यानें दरडावून ती बाहेर ठेवावयास लावली.

हें ऐकून आमच्या कुटुंबाचे हातपाय गार पडले. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवली तर दार किलकिलें ठेवावें, निजतांना ती बाहेर काढावी, हें आपल्या घरोघरच्या आज्यांस ठाऊक असतें. ती म्हणाली, ‘मला एक अक्षर कळवलें असतें तर मी सांगितलें नसतें का?’ आम्हांला एकदम खानावळींतील डॉक्टर आठवले. आम्हीं चिरंजीवांस बोलावून घेतलें आणि कधीं बोललों नव्हतों इतकें कठोर बोललों. ‘आम्हांला खोटें क्षेम नको. आम्ही म्हातारे आहों, पण मातीचे नाहीं.’ धाकटीची गोष्ट आम्हीं त्याला त्या दिवशीं प्रथम सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि ‘अण्णा, पुन्हा असें होणार नाहीं,’ असें म्हणाला. त्यानें आपला शब्द पाळला. पाळला नाहीं तो आम्हीं.

गतवर्षीं, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरांत, आमच्या या कोरड्या जिल्ह्यांत पाऊस थांबेना. अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांत अतिवृष्टि होऊन सीना नदीला असा पूर आला कीं तसा आमच्या स्मरणांत नाहीं. आमच्याच माढा तालुक्यांतील दारफळसारख्या नदीकांठच्या गांवांना पाण्यानें वेढा दिला; लांबोटीजवळ सोलापूर-पुणें रस्ता पाण्यामुळें बंद पडला. मोडनिंब सीनेच्या कांठीं नाहीं, त्यामुळें पुराचें पाणी आमच्या दारीं आलें नाहीं. पण आमचें घर जुनें, पांढऱ्या मातीचें माळवद असलेलें. २२ तारखेस घट बसले. कुटुंबानें घटाभोंवतीं धान्य पेरलें आणि आम्ही माळवदाच्या गळतीखालीं पातेलीं मांडीत बसलों. दोन दिवसांनीं रात्रीं मागची भिंत बसली. आवाज ऐकून कुटुंब देवघराकडे धांवली, ओल्या फरशीवर घसरली, आणि उजवा हात मनगटाशीं मोडला. शेजारची तरुण मुलें, त्यांपैकीं दोघे आमचेच विद्यार्थी, कंबरभर चिखलांतून आलीं. त्यांनीं तिला खुर्चींत बसवून गांवांतल्याच दवाखान्यांत नेलें. तेथें हात बांधून प्लास्टर घातलें गेलें.

दुसऱ्या दिवशीं चिरंजीवांचा फोन आला. ‘अण्णा, इकडे चित्रें पाहतों आहें. घरीं कसें काय आहे?’ आणि आमच्या तोंडून शब्द गेले, ‘येथें सर्व क्षेम आहे. थोडें गळतें, एवढेंच.’ कुटुंबानें पदराखालीं हात झांकला आणि मान डोलावली. आम्हां दोघांत आधीं कांहीं ठरलेलें नव्हतें. तो तेथें एकटा, नोकरी सोडून कसा येणार, कळून तरी काय करणार, हा १९७३ सालचा आईचा युक्तिवाद अक्षरशः तोच आमच्या मनांत उभा राहिला. आणि तो खोटा ठरलेला आम्हीं स्वतः पाहिला असूनहि आम्हांस पुन्हा पटला. माणूस अनुभवानें शहाणा होतो असें म्हणतात. परंतु मायेपुढें हें शहाणपण टिकत नाहीं, असें आम्हांला आतां वाटतें.

पंधरा दिवस हें नाटक चाललें. कोजागिरीच्या सुमारास पडद्यावर नातू आला. आजीशीं पडद्यावरून टाळी द्यावयाचा त्याचा नित्याचा खेळ आहे. ‘आजी, टाळी दे.’ तिनें डावा हात पुढें केला. ‘तो नाहीं, दुसरा.’ पांच वर्षांच्या मुलापुढें कोणाचें नाटक टिकणार? कुटुंबाच्या डोळ्यांतून पाणी आलें, पदर सरकला, आणि पांढरें प्लास्टर सर्वांना दिसलें.

चिरंजीव रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, ‘अण्णा, खोटें क्षेम नको असें तुम्हींच म्हटलें होतें ना?’ नंतर त्यांनीं सोलापुरांतल्या आपल्या एका शाळासोबत्याचा पत्ता दिला. तो अस्थिरोगांचा डॉक्टर आहे, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. रस्ता केव्हांच मोकळा झालेला होता. आम्ही गेलों. त्यानें चित्र पाहून सांगितलें कीं, हाड थोडें वांकडें जुळत आहे. पहिल्या आठवड्यांत आलां असतां तर सहज सरळ बसवितां आलें असतें, आतां या वयांत पुन्हा मोडून बसविणें नको. प्लास्टर निघालें, पण मनगट पुरतें वळत नाहीं. चाळीस वर्षें भाकरी थापणाऱ्या हाताला आतां परातीच्या कडेचा आधार घ्यावा लागतो. हें त्या ‘सर्व क्षेम’चें मोल. तें आम्हीं बोललों, आणि फेडावें मात्र तिला लागत आहे.

कालिदासाच्या मेघदूतांतला यक्ष एक वर्षाच्या शापानें घरापासून दूर पडलेला. रामगिरीवरून, ज्याला पुष्कळ विद्वान् नागपूरजवळचें रामटेक समजतात, तो मेघाबरोबर निरोप धाडतो. त्या निरोपांत शृंगार पुष्कळ आहे. परंतु मेघानें तिला प्रथम काय सांगावें? तर, तुझा पति जिवंत आहे, आणि तुझें कुशल विचारतो. मागाहून तो आपण किती कृश झालों, रात्री कशा जातात, हेंहि लपवीत नाहीं. हें काव्य आम्हीं वर्षानुवर्षें शिकविलें, पण त्यांतली ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती. तो क्षेम सांगतो आणि दुःखहि सांगतो. दूरच्या माणसाला दोन्ही ऐकण्याचा अधिकार आहे. दूरचें माणूस कांहीं करूं शकत नाहीं, असें आपण धरून चालतों. पण कोणाच्या ओळखींत कोणता डॉक्टर आहे, कोणाला शेगडीचा धोका ठाऊक आहे, हें सांगितल्यावांचून कसें कळणार? आणि कांहीं करतां आलें नाहीं तरी, आपल्या माणसाच्या संकटांत जागें राहण्याचा त्याचा हक्क आपण कां हिरावून घ्यावा?

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम झाला आहे. दर रविवारीं बोलतांना दोन्हीकडून चार गोष्टी खऱ्या सांगावयाच्या : पाणी, वीज, घर आणि प्रकृति. शेजारच्या दोन घरांचे क्रमांक चिरंजीवांजवळ आहेत, त्यांच्या शेजाऱ्यांचे आमच्याजवळ. चिरंजीवांनीं पैसे धाडून मागची भिंत विटांची बांधविली, माळवद उतरवून त्यावर गिलाव्याचें पक्कें छत घातलें. तिकडे येऊन राहा, असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही नाहीं म्हणतों, पण कां नाहीं म्हणतों तेंहि आतां खरें सांगतों. मध्यंतरीं त्यांनींहि एक बातमी सांगितली : नोकरींत कपात होणार आहे, त्यांत आपलें नांव असूं शकेल. ती रात्र आम्हीं दोघांनीं जागून काढली. सकाळीं कुटुंब म्हणाली, ‘सांगितलें तें बरें केलें.’

नातवाला मराठी अक्षरें येऊं लागलीं आहेत, म्हणून त्याला महिन्याला एक पत्र हातानें लिहून टपालानें धाडण्याचा आम्हीं प्रघात पाडला आहे. परवां लिहावयास बसलों तेव्हां जुना मायना सवयीनें हातीं आला. थोडा वेळ थांबलों. मग लिहिलें : येथें ऊन फार आहे. विहिरीला पाणी आहे. आजीचा हात सकाळीं दुखतो, दुपारीं बरा असतो. येथील बाकी सर्व क्षेम.